बोहनी व्हायच्या आधी

यासीनभाईंच्या तोंडून 'नाही' ऐकायचं असेल तर दुपारी जावं लागायचं. सकाळी दुकानाचं शटर वर गेल्यापासून पहिली बांगडी विकली जाईपर्यंत तो शब्द त्यांच्याकडे मिळत नसे. बोहनीच्या आधी कुणाला नाही म्हटलं की दिवसभराची बरकत जाते, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. वडिलांनी शिकवलेल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे लवकर उठणं, कमी बोलणं, मिठाईपासून दूर राहणं, त्यांनी केव्हाच सोडून दिल्या होत्या. ही एक मात्र जिवापाड जपली होती.

मी तेव्हा शेलूबाजारच्या शाळेत शिकवत होते आणि वाशीमहून जीपने जाऊन-येऊन करत होते. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हा आमच्या भागात काटेकोर पाळला जाणारा एकमेव नियम. शेलूबाजारात जीप लागायच्या तिथेच समोर यासीनभाईंचं बांगड्यांचं दुकान. सकाळी लवकर पोचले तर शाळा उघडेपर्यंत, आणि संध्याकाळी जीप भरेपर्यंत, मी त्यांच्या दुकानातल्या निळ्या स्टुलावर बसलेली असायची. तिथे बसून मी जेवढी माणसं पाहिली तेवढी शाळेत पाहिली नाहीत.

माणूस बुटका, गोल, मेंदी लावलेल्या दाढीचा. चष्मा कपाळावर आणि शोध सगळ्या दुकानात. तोंड अखंड चालू. आधी मला वाटायचं की ही नुसती बडबड आहे. मग लक्षात आलं की तो धंद्याचाच भाग आहे. काचेची बांगडी नेमक्या मापाची असली की ती हाडावरून उतरताना बाई हात आखडून घेते, आणि हात आखडला की काच फुटते. म्हणून यासीनभाई बांगडी हाडापाशी आणत आणि अगदी साधेपणाने विचारत, "मंग, सासू काय म्हंते?" बाईला सासूबद्दल बरंच बोलायचं असे. ती बोलायला लागली की हात सैल पडे आणि बांगडी कधी मनगटात गेली ते तिला कळतही नसे. सासू वारली असेल तर ते नणंदेवर येत. नणंद नसेल तर सरपंचावर. सरपंच प्रत्येकीला असतोच.

त्यांच्या बोहनीच्या रिवाजाची सगळ्या गावाला माहिती होती आणि गावाने तिचा मनसोक्त फायदा घेतला. गणपतीवाली पोरं वर्गणीला सकाळीच यायची. उरुसाच्या कमिटीवालेही सकाळीच यायचे. दोघांनाही होकार देता देता यासीनभाई दोन्हीकडे सभासद झाले, आणि एका वर्षी तर दोन्हीकडे मंडपाची जबाबदारी त्यांच्याकडेच होती. त्यांनी दोन्ही ठिकाणी एकच मंडप वापरला, फक्त झालर बदलली. निवडणुकीत उभे राहिलेले सगळेच उमेदवार पहाटेपासून त्यांच्या शटरपाशी घुटमळत. मी एकदा विचारलं की एवढ्या सगळ्यांना हो म्हटलंत, तर मत कुणाला देणार. ते म्हणाले, "हो मी सगळ्याईले म्हनलं मॅडम. पन मत तं दुपारी देतो ना."

मीही काही धुतल्या तांदळाची नव्हते. शाळेच्या रांगोळी स्पर्धेला परीक्षक मिळत नव्हता तेव्हा मी मुद्दाम लवकरची जीप धरली आणि शटर उघडताच त्यांना गाठलं. ते आले, टोपी घालून, अत्तर लावून. प्रत्येक रांगोळीपुढे उभं राहून त्यांनी "सुभानल्ला" म्हटलं आणि शेवटी सगळ्याच मुलींना पहिला नंबर दिला. मुख्याध्यापकांनी दुसरा आणि तिसरा कुणाचा ते विचारलं, तेव्हा त्यांनी दुसरा मुख्याध्यापकांना दिला.

आता त्या खेळाच्या यंत्राकडे येते, कारण यासीनभाईंची गोष्ट त्याच्यावाचून सांगता येत नाही.

त्यांचा साडू दुबईत होता. त्याने एका ईदेला हातात धरून खेळायचे दोन व्हिडिओ गेम पाठवले, एक निळा आणि एक लाल. यासीनभाईंना मुलगी एकच, तरन्नुम. पण साडूला ते नक्की आठवत नसावं, म्हणून त्याने खबरदारी घेतली. डबीसारखं उघडणारं यंत्र, वर एक पडदा, खाली एक पडदा, आणि खालच्या पडद्यावर टेकवायला एक काडी. सोबत एक कॅसेट होती. ती कंपनीची नव्हे, बाहेरच कुणीतरी बनवलेली. तिच्यात मेमरी कार्ड घालायचं, कार्डात कॉम्प्युटरवरून हवे ते गेम भरायचे, आणि यंत्राला वाटायचं की ही आपलीच कॅसेट आहे.

निळा गेम दुकानाच्या काउंटरवर आला. त्याचं कारणही धंद्याचंच. आईच्या हातात बांगड्या भरणं चालू असताना कडेवरचं पोर रडायला लागलं की आईचा हात हलतो आणि काच फुटते. यासीनभाई पोराच्या हातात निळा गेम देत आणि दुकानात शांतता होई. पोहरादेवीच्या यात्रेत ते दुकान लावायचे, तिथे तर बांगड्यांच्या रांगेपेक्षा गेमची रांग लांब असे. एका वर्षी तांड्यावरचे एक पागोटेवाले आजोबा नातवाला खेळू द्यायच्या निमित्ताने बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. नातू कधीच घरी निघून गेला होता. यासीनभाईंनी आजोबांना दोनदा चहा दिला आणि मला अभिमानाने सांगितलं की हे आपलं पक्कं गिऱ्हाईक. आजोबांनी एकही बांगडी घेतली नव्हती.

लाल गेम शेवंताबाईंकडे गेला. शेवंताबाई जऊळक्याच्या माळीणबाई. बाजाराच्या दिवशी यासीनभाईंच्या दुकानासमोर पोतं अंथरून मेथी, पालक, वांगी घेऊन बसायच्या आणि सावली कुणाची यावरून दिवसभर त्यांच्याशी भांडायच्या. सावली यासीनभाईंच्या पत्र्याची, पण पडायची शेवंताबाईंच्या पोत्यावर, त्यामुळे वाद मिटण्यासारखा नव्हता. त्याच शेवंताबाई दर भाऊबीजेला ताट घेऊन त्यांना ओवाळायला यायच्या. त्यांच्या नातीचा पाय मोडला आणि ती खाटेवर पडून राहिली, तेव्हा यासीनभाई लाल गेम घेऊन मळ्यात गेले आणि देऊन आले. वर साडूकडून तशीच एक कॅसेटही मागवून दिली.

तरन्नुम माझी विद्यार्थिनी. वडील एवढे बोलायचे की घरात तिच्या वाट्याला बोलणं उरलंच नव्हतं. शाळेत ती गणिताच्या वहीत मागच्या पानावर चौकटी काढून चित्रं रंगवायची. पुढे तिने वाशीमला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर खटपट करून त्या निळ्या यंत्रावर चालणारा एक गेम स्वतः तयार केला. नाव 'चुडा'. वरच्या पडद्यावरून रंगीत बांगड्या खाली येतात, खालच्या पडद्यावर बाईचा हात असतो. काडीने बांगडी ओढून त्या हातात भरायची. घाई केली की काच फुटते, आणि यंत्रातून यासीनभाईंचा आवाज येतो, "हळू ना बाई." तो आवाज तिने त्यांच्या नकळत टिपून घेतला होता.

यासीनभाईंनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा आधी मागे वळून पाहिलं. मग कळलं, आणि मग पुढचे कित्येक दिवस ते मुद्दाम बांगड्या फोडत होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "माह्या पोरीनं बनवला. यात मी हावो." 'चुडा' चालायचा तो अर्थात त्या बाहेरच्या कॅसेटवरच. कंपनीच्या दारातून आत जायची आमच्या तरन्नुमची काय ऐपत.

तेवढ्यात पुण्याची एक गेम बनवणारी मंडळी अमरावतीला नोकरीसाठी निवड करायला येणार असल्याचं तिला कळलं. अट एकच होती. आपण केलेला गेम हातात देता येईल, खेळता येईल असा घेऊन या. तरन्नुमने नाव दिलं.

घरातून विरोध झाला तो यासीनभाईंच्या थोरल्या भावाचा. ते कारंज्याला असत, त्यांना सगळे भाईजान म्हणत. त्यांनी तरन्नुमसाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा दुकान सांभाळणारा. मुलीला पुण्याला एकटं पाठवायचं त्यांना मुळीच पटत नव्हतं. बऱ्याच बोलाचालीनंतर तोड निघाली ती अशी : अमरावतीला निवड झाली तर पोरगी पुण्याला जाईल, नाही झाली तर कारंज्याला मंगनी. तरन्नुमने मान हलवली. तिचा सगळा जीव त्या निळ्या डबीत आला, असं मला तेव्हा वाटलं आणि मी काळजीत पडले.

अमरावतीला जायच्या आधीच्या गुरुवारी सकाळी मी स्टुलावर होते. यासीनभाईंनी शटर वर केलं, उदबत्ती लावली, आणि सवयीने निळा गेम उघडला. तरन्नुमचा मोबाइल दुकानातच चार्जिंगला होता, नेट चालू. यंत्राने कधीतरी त्या नेटची ओळख करून घेतलेली असणार. पडद्यावर इंग्रजीत एक पाटी आली, तिच्याखाली दोन बटणं. एक 'हो' आणि एक 'नंतर'. तरन्नुम हे आलं की न चुकता 'नंतर' दाबायची. घरात तिने बजावूनही ठेवलं होतं की अपडेट मागितलं तर द्यायचं नाही. पण ते तिने बजावलं होतं संध्याकाळी, आणि यंत्राने विचारलं सकाळी.

यासीनभाईंनी रस्त्याकडे पाहिलं. दुकानात अजून एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. त्यांनी "बिस्मिल्ला" म्हणून काडीने 'हो' दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. पट्टी भरते न भरते तोच एक बाई आली आणि डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन गेली. यासीनभाई खूश झाले. मला म्हणाले की पाहा, हो म्हटल्याचं फळ.

फळ दुपारी दिसलं. कॅसेट घातली तर यंत्र म्हणे ही कॅसेट इथे चालत नाही. काढली, फुंकली, पुसली, परत घातली. तेच. संध्याकाळी तरन्नुम आली. तिने पाटी वाचली, यंत्राच्या आतलं काहीतरी उघडून आकडा पाहिला आणि काउंटरला टेकून उभी राहिली. कंपनी मधूनमधून असे अपडेट पाठवते, तिने मला सांगितलं. लोक बाहेरच्या कॅसेटमध्ये फुकटचे गेम भरून खेळतात, ते थांबवायला. नवीन अपडेटने ही कॅसेट ओळखली आणि दार बंद केलं. एकदा झालं की मागे जाता येत नाही. चोरांसाठी लावलेल्या सापळ्यात घरचं मांजर सापडलं होतं.

मग ती वडिलांकडे वळली. "अब्बा, एवढ्या एका वेळी नाही म्हनायचं ना."

"सकायचं इचारून राह्यलं होतं, बेटा," यासीनभाई म्हणाले. "दोनच बटनं होती. मी 'नंतर' दाबलं असतं, पन नंतर म्हंजे नाहीच असते ना. गिऱ्हाईक नंतर येतो म्हंते, ते कधी येते का?"

ती रडली, आणि घरी निघून गेली. मी रागाने त्या कंपनीबद्दल काहीतरी बोलले, तर यासीनभाईंनी मलाच थांबवलं. कंपनीचं बरोबर आहे, ते म्हणाले. आपल्या दुकानात कुणी बाहेरच्या बांगड्या आणून विकायला बसलं तर आपणही हाकलूच. त्यांना कुठे माहीत की त्या पेटीत आपल्या पोरीच्याही बांगड्या होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी एका बाईच्या हातात बांगड्या भरल्या आणि सासूबद्दल काही विचारलं नाही. तीन बांगड्या फुटल्या.

माणूस संकटात सापडला की नातेवाइकांना बरोबर वास येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर जायच्या आतच भाईजान कारंज्याहून हजर. त्यांना बातमी कुठून लागली कोण जाणे. पण ते एवढ्या सकाळी का आले, ते मला लगेच कळलं. रिवाज दोघांच्याही वडिलांचाच होता. ते स्टुलावर बसले, मी खांबापाशी उभी राहिले. भाईजान वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. शांतपणे, उर्दूत, ते समजावत होते. यंत्र आपोआप बंद पडलं, यात काहीतरी इशारा आहे. अमरावतीचा खर्च आणि दगदग कशाला. तू आत्ता शब्द दे, मी जाता जाता त्यांच्या घरी कळवून जातो.

यासीनभाई हातातलं फडकं काउंटरवर फिरवत राहिले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बोहनी झाली असती तर ते मोकळे झाले असते, हे मला सुचलं, आणि मी पर्स उघडून कुठलीही बांगडी मागायला पुढे झाले. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात यासीनभाई म्हणाले,

"नहीं, भाईजान."

भाईजान त्यांच्याकडे बघत राहिले. चहावाल्याने गाळणं तसंच हातात धरलं. जीपवर उभा राहून प्रवाशांना हाका मारणारा क्लीनर मधेच गप्प झाला. आमच्या चौकात इतकी शांतता मी त्याआधी फक्त ग्रहणात अनुभवली होती. यासीनभाई स्वतःही दचकलेले दिसले. मग त्यांनी घसा साफ केला आणि सोमवारी आम्ही अमरावतीला चाललो आहोत, एवढं सांगून फडकं परत फिरवायला घेतलं. मी माझ्या हातातल्या पैशांच्या हिरव्या बांगड्या घेतल्या, कारण आता दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. त्या दिवशी दुकान कसं चाललं, असं नंतर मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, रोजच्यासारखंच. याचंच त्यांना फार आश्चर्य वाटलं होतं.

आता अमरावतीला जायचं होतं, पण घेऊन काय जायचं? तरन्नुमलाच आठवलं की लाल गेम मळ्यात आहे. तिथे नेट पोचत नाही, म्हणजे त्याला अजून कुणी काही विचारलेलं नसणार. आणि नेमकी इथे यासीनभाईंची दुसरी पंचाईत झाली. बहिणीच्या घरी दिलेली वस्तू परत मागत नाहीत. जीव गेला तरी मागत नाहीत. "नुसतं भेटून येऊ," ते म्हणाले. तरन्नुमने मला सोबत चला म्हटलं, कारण आपले अब्बा नुसतंच भेटून येतील अशी तिला खात्री होती.

रविवारी आम्ही गेलो. जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनच्या पलीकडे थोडं चाललं की शेवंताबाईंचा मळा. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. यासीनभाईंनी वांग्यांची तारीफ केली. मग विहिरीची केली. मग म्हशीची चौकशी झाली, तिच्या वासराची झाली, शेजारच्या मळ्यातल्या भांडणाची झाली. अंगणात शेवंताबाईंची नात लाल गेम घेऊन बसली होती आणि त्यातून सारखं टुंग टुंग वाजत होतं. यासीनभाई त्या दिशेला सोडून बाकी सगळीकडे बघत होते. मला बोलायची बंदी होती. तरन्नुम नखं कुरतडत होती. दुसरा चहा झाला.

शेवटी शेवंताबाई पदर खोचून समोर बसल्या. "यासीनभाऊ, म्हशीसाठी तुमी रविवारचं दुकान बंद ठेवलं, हे मले पटून नाही राह्यलं. काय झालं ते बोला."

"काही नाही. भेटाले आलो."

मग तरन्नुमनेच सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. शेवंताबाईंनी ऐकून घेतलं, नातीच्या हातातून लाल गेम काढला आणि तरन्नुमपुढे धरला. तरन्नुमने आपली कॅसेट घातली. वरून बांगड्या पडायला लागल्या. तिने घाईने एक ओढली, ती फुटली, आणि मळ्यात यासीनभाईंचा आवाज घुमला, "हळू ना बाई." तरन्नुमला एकदम हसू आलं आणि रडूही आलं.

"घेऊन जा पोरी," शेवंताबाई म्हणाल्या.

"नाही," यासीनभाई म्हणाले. एकदा सवय लागली की लागते. "बहिनीच्या घरी देलेली चीज मी परत नाही नेत, शेवंताबाई. लोक थुकतीन माह्या तोंडावर."

शेवंताबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की सावलीच्या भांडणातही त्यांना तसं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "मंग परत नका नेऊ. माही चीज माह्याच हातात राहीन. मीच येतो उद्या अमरावतीले."

आणि त्या खरंच आल्या. नवं लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीत लाल गेम, आणि मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून मेथीच्या दोन जुड्या. मला शाळा होती, त्यामुळे पुढचं मी तरन्नुमकडून ऐकलं. आत बोलावणं आलं तेव्हा शेवंताबाई मेथी यासीनभाईंच्या हवाली करून तिच्या मागोमाग आत शिरल्या. तिथल्या माणसाने विचारलं की या कोण. तरन्नुमने तोंड उघडायच्या आत शेवंताबाईंनीच सांगितलं की मशीन माझं आहे, खेळून झालं की परत घेणार. त्यांना खुर्ची मिळाली. निवड करणारा तरुण खेळायला लागला आणि एकामागून एक बांगड्या फोडायला लागला. यंत्र सारखं "हळू ना बाई" म्हणत होतं. शेवंताबाईंना राहवेना. त्या म्हणाल्या, "अरे बापू, पोरीचा हात हाये तो, वाफ्यातला मुया नाही उपटाचा." तिथली सगळी माणसं हसली, मग प्रत्येकाने एकदा खेळून पाहिलं, आणि मग तरन्नुमला बसवून बराच वेळ प्रश्न विचारले. हात कसा हलवलास, काच फुटताना तुकडे वेगवेगळे कसे पडतात, हे सगळं. तिने सांगितलं. घरी कधी बोलली नव्हती इतकं ती तिथे बोलली.

यासीनभाई बाहेरच्या बाकावर बसले होते. तेवढ्या वेळात त्यांनी चौकीदाराच्या बायकोचं माप अंदाजाने विचारून घेतलं, त्याच्या दोन लेकींच्या लग्नाला येण्याचा शब्द दिला, आणि मेथीची एक जुडी त्याला देऊन टाकली.

निवड झाली. बातमी आली त्या दिवशी यासीनभाईंनी जीप अड्ड्यावरच्या प्रत्येकाला पेढे दिले, त्यात मला दोनदा दिले, कारण पहिल्यांदा दिलेले त्यांना आठवत नव्हते. भाईजानही आले. तोंड जरा लांब होतं, पण हातात मिठाईचा डबा होता. डोकं आमच्याच घराण्याचं आहे, असं ते सगळ्यांना सांगत होते. लाल गेम शेवंताबाईंच्या पिशवीतून मळ्यात परत गेला. बाजाराच्या दिवशी सावलीवरून भांडण पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी बदली मानोऱ्याकडे झाली. यासीनभाई अजून तिथेच आहेत, धंदा चालू आहे, असं कानावर येतं. जाणं मात्र झालेलं नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तरन्नुम पुण्याला निघाली त्या संध्याकाळी. गाडी हायवेवर थांबली होती. सामान चढलं. तिची आई रडून झाली होती. तरन्नुम खिडकीपाशी बसली आणि तिने हात बाहेर काढला.

यासीनभाईंनी तो हात हातात घेतला. बांगडीवाल्याच्या पोरीचा, पण मोकळा. कीबोर्डवर वाजतात म्हणून ती बांगड्या घालत नसे. त्यांनी तिची बोटं एकत्र मिटवली आणि अंगठ्याने हाडं दाबून पाहिली. एखादी बाई दुकानात आली की ते तसंच माप घेत. हे आपण करतो आहोत, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

"काय पाहून राह्यले अब्बा?"

"सव्वादोन," ते म्हणाले.

गाडी हलली. आयुष्यभरात किती बायांचे हात त्यांनी असे धरले असतील, आणि प्रत्येक हात बांगड्या भरूनच सोडला असेल. हा त्यांनी तसाच रिकामा सोडला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यात उभे राहून हसत होते.